भिवंडीच्या दाखल्यातले शब्द : राज्य, राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व

१/ बारावीचा निकाल लागला की भिवंडीतील सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. पुढील प्रवेशासाठी ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ हवे असते. विद्यार्थी दाखला घेतो, त्याच्या प्रती काढतो, अर्जाला जोडतो आणि विसरून जातो. दाखल्यावरील तीन शब्दांपैकी वय हे निसर्गाने दिलेले असते. राष्ट्रीयत्व आणि अधिवास हे मात्र कायद्याने घडवलेले शब्द आहेत आणि त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. त्याच शहरातील काही माणसांसाठी या शब्दांचा अर्थ हा रोजगार आणि कोठडी यांच्यामधला फरक ठरतो.

२/ या धाग्याचे म्हणणे एका वाक्यात असे : नागरिकत्व हे कायद्याने माणसाला दिलेले स्थान आहे; ते भाषेवरून ओळखता येत नाही आणि कागदातून जन्मत नाही. भिवंडीच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात याचा पुरावा सापडतो. मात्र त्यासाठी राज्य, राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व हे तीन शब्द वेगवेगळे करून पाहिले पाहिजेत.

३/ प्रथम ‘राज्य’. मराठीत या शब्दाची पंचाईत आहे. महाराष्ट्रही राज्य आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत भारतही राज्य. या दुसऱ्या अर्थाची प्रसिद्ध व्याख्या १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात आहे. तिच्यात चार अटी आहेत : कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता. महाराष्ट्राकडे पहिल्या तीन गोष्टी आहेत, चौथी नाही. म्हणूनच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, पण कोणीही ‘महाराष्ट्राचा नागरिक’ झाला नाही. अमेरिकेत संघराज्याचे आणि घटकराज्याचे असे दुहेरी नागरिकत्व असते. भारताच्या संविधानाने एकेरी नागरिकत्व स्वीकारले.

४/ स्वातंत्र्यापूर्वीचा भारत या व्याख्येत बसत होता का? उत्तर गोंधळात टाकणारे आहे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर भारताची स्वाक्षरी आहे. राष्ट्रसंघाचा तो मूळ सदस्य होता. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थापक सदस्यांतही त्याचे नाव आले. तेव्हा देशावर ब्रिटिशांची सत्ता होती. जगाच्या व्यासपीठावर भारताला खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर कोणी बसायचे हे भारतीय जनता ठरवत नव्हती. राज्याचे बाह्य रूप आणि त्याचा आतला आशय यांच्यात असे अंतर पडू शकते.

५/ आता भिवंडीत उतरू. सन १९४० कल्पावे. ठाणे जिल्ह्यातील या गावात जन्मलेला माणूस कायद्याने ‘ब्रिटिश प्रजाजन’ होता. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार सम्राटाच्या प्रदेशातील जन्म त्यासाठी पुरेसा होता. उत्तरेकडे वाड्याच्या पलीकडे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. तिथे जन्मलेला वारली किंवा कोळी माणूस मात्र ब्रिटिश प्रजाजन नव्हता. तो जव्हारच्या राजाचा प्रजाजन होता, आणि परदेशी गेलाच तर त्याच्या पासपोर्टवर ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ अशी नोंद झाली असती. दोघांमध्ये एका दिवसाच्या प्रवासाचे अंतर, बाजार एक, पाऊसही एकच. कायदेशीर ओळख मात्र भिन्न.

६/ भिवंडीच्या मागांवर हे वैविध्य अधिकच दाट होते. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकर कुटुंबांचे मूळ गाव ब्रिटिश मुलखातले असेल, तर ती ब्रिटिश प्रजा. पद्मानगर परिसरात आज ज्यांची वस्ती आहे त्या तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे मूळ तेलंगणात, म्हणजे त्या काळच्या निजामाच्या राज्यात. १९४८ पूर्वी तिथे जन्मलेला विणकर निजामाचा प्रजाजन होता. मराठवाड्यातून आलेला मराठी भाषक मजूरही निजामाचाच. म्हणजे मराठी बोलणारा परक्या संस्थानाचा आणि उर्दू बोलणारा ब्रिटिश भारताचा, असे चित्र एकाच गल्लीत असू शकत होते. भाषेवरून कायदेशीर ओळख सांगू पाहणारा तेव्हाही चुकला असता.

७/ हैदराबादचे उदाहरण ‘राज्य’ या शब्दाची परीक्षा पाहणारे आहे. त्याच्याकडे भूप्रदेश, लोकसंख्या, शासन, सैन्य, टपाल, रेल्वे आणि हाली सिक्का हे स्वतःचे चलनही होते. १९४७ मध्ये ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपल्यावर आपण स्वतंत्र झालो असा निजामाचा दावा होता आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्याने सुरक्षा परिषदेकडे तक्रारही नेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने तो प्रश्न निकाली निघाला. जव्हार त्याच वर्षी शांतपणे मुंबई प्रांतात विलीन झाले. दोन्हीकडच्या सामान्य माणसाची कायदेशीर ओळख बदलली. त्याने स्वतः मात्र घरही बदलले नव्हते.

८/ दुसरा शब्द ‘राष्ट्रीयत्व’. कायद्यात याचा अर्थ माणूस जगासमोर कोणत्या राज्याचा मानला जातो एवढाच आहे. देशप्रेम, संस्कृती, वंश यांच्याशी त्याचा थेट संबंध नाही. १९५५ मध्ये लिक्टेन्स्टाइन विरुद्ध ग्वाटेमाला या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की, राष्ट्रीयत्व हा कायदेशीर बंध आहे, पण त्याच्या तळाशी माणसाचे त्या समाजाशी असलेले खरेखुरे नाते असावे लागते. घर, काम, कुटुंब आणि हितसंबंध यांतून हे नाते दिसते.

९/ तिसरा शब्द ‘नागरिकत्व’. हा राज्याच्या आतला संबंध आहे. मतदान करण्याचा, पदावर जाण्याचा, देशात कुठेही राहून व्यवसाय करण्याचा हक्क त्यातून मिळतो. राष्ट्रीयत्व असूनही नागरिकत्व नसावे, हे शक्य आहे. वसाहतकाळातील कोट्यवधी भारतीयांची हीच अवस्था होती. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजातून ३७६ प्रवासी व्हँकुव्हरला पोहोचले. ते ज्या सम्राटाचे प्रजाजन होते, त्याच सम्राटाचा कॅनडावर अंमल होता. तरीही त्यांपैकी बहुतेकांना बंदरावर उतरू दिले नाही. सम्राटाचे प्रजाजन असूनही त्यांना नागरिकाचे हक्क नव्हते.

१०/ स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद स्पष्ट केला आहे. १९६३ च्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन प्रकरणात प्रश्न होता : कंपनी ही नागरिक असते का? न्यायालयाचे उत्तर नकारार्थी होते. राष्ट्रीयत्व हा आंतरराष्ट्रीय कायद्यापुढचा संबंध, तर नागरिकत्व हा देशांतर्गत कायद्यातला. कंपनीला पहिले असू शकते, दुसरे नाही. भिवंडीच्या आसपास पसरलेल्या गोदामांकडे या दृष्टीने पाहावे. गोदामाची मालक असलेली भारतीय कंपनी भारतीय राष्ट्रीयत्वाची असते. तिच्या फाटकावर रात्रपाळी करणारा भारतीय पहारेकरी मात्र नागरिकही असतो, आणि ही थोरवी कंपनीला कितीही भांडवल ओतून मिळत नाही.

११/ १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी भारतात भारतीय नागरिक किती होते? कायद्याच्या काटेकोर भाषेत, एकही नाही. देश स्वतंत्र झाला होता, पण ‘भारतीय नागरिक’ कोण हे सांगणारा कायदा अस्तित्वात नव्हता. राज्य आधी जन्मले आणि त्याचा नागरिक नंतर. मधल्या दोन वर्षांत फाळणीने लाखो माणसे सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे फेकली गेली. नागरिकाची व्याख्या करणे हे या पार्श्वभूमीवर किती अवघड होते, याची कल्पना करता येते.

१२/ १० ऑगस्ट १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत नागरिकत्वाची कलमे मांडली. एक अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला इतके डोकेदुखीस लावले नव्हते, अशी कबुली त्यांनी दिली. संविधान लागू होताना नागरिक कोण, एवढेच ही कलमे ठरवतील आणि कायमचा कायदा पुढे संसद करील, हेही त्यांनी सांगितले. भविष्यातील वाद आजच मिटवण्याचा आव त्यात नव्हता.

१३/ या कलमांवर सर्वांत तीव्र टीका विदर्भातून आलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी केली. केवळ जन्मावरून नागरिकत्व दिले तर ते फार स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप होता. जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि अन्य कोणत्याही देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी त्याला भारतीय नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी त्यांची सूचना होती. सभेने ती स्वीकारली नाही. धर्माचा निकष मर्यादित रूपात कायद्यात आला तो ७० वर्षांनी, २०१९ च्या दुरुस्तीत. आजचा वाद नवा नाही. दोन मराठी नेत्यांच्या दोन भूमिका त्याच्या मुळाशी आहेत.

१४/ मंजूर झालेले अनुच्छेद ५ वाचण्यासारखे आहे. भारतात अधिवास असावा आणि त्यासोबत तीनपैकी एक गोष्ट असावी : स्वतःचा जन्म भारतात, किंवा आईवडिलांपैकी एकाचा जन्म भारतात, किंवा किमान ५ वर्षांचे सर्वसाधारण वास्तव्य. यात भाषा, धर्म, जात, शिक्षण, मालमत्ता यांचा उल्लेख नाही. फाळणीत आलेल्या-गेलेल्यांसाठी अनुच्छेद ६ व ७ वेगळे होते. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस नागरिक मानला जाणार नव्हता. पुनर्वसनाच्या परवान्यावर परतलेल्याला मात्र सवलत होती.

१५/ एक तारीख विशेष लक्षात ठेवावी. संविधान २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाले, पण अनुच्छेद ३९४ नुसार नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली. म्हणजे प्रजासत्ताक येण्याच्या दोन महिने आधी त्याचा नागरिक आला. त्या दिवशी भिवंडीतील आगरी शेतकरी, कोकणी मुस्लिम व्यापारी, मोमीन विणकर आणि निजामाच्या मुलखातून येऊन इथे स्थिरावलेला पद्मशाली कारागीर हे सारे एकाच ओळखीखाली आले. कोणी अर्ज केला नाही, कोणी रांग लावली नाही. माणूस जिथे राहत होता, तिथेच कायद्याने त्याला नागरिक केले. प्रजासत्ताकाची ही उदारता सणाच्या दिवशीही फारशी आठवली जात नाही.

१६/ राज्याची सीमा हलली की ओळख हलते, हे गोव्याने पुन्हा दाखवले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशाने तिथे जन्मलेली माणसे भारतीय नागरिक ठरली. मुदतीत नकार कळवला तरच अपवाद. दुसरीकडे पोर्तुगालचा कायदा त्यांपैकी अनेकांना आणि त्यांच्या वंशजांना आपले मानत राहिला. म्हणून आज गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेणारे तरुण दिसतात आणि तो स्वेच्छेने घेताच त्यांचे भारतीय नागरिकत्व संपते. एका माणसावर दोन कायदे हक्क सांगू शकतात. भारतीय कायदा मात्र एकच निवडायला लावतो.

१७/ संसदेचा कायमचा कायदा १९५५ मध्ये आला. जन्माने नागरिकत्वाचे त्यातले नियम तीन टप्प्यांत बदलत गेले. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला, मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्यासाठी आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी अट : दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. दरवाजा प्रत्येक वेळी थोडा अरुंद झाला.

१८/ याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आज सेतू केंद्रापुढे उभा असलेला अठरा वर्षांचा विद्यार्थी २००४ नंतर जन्मला आहे. भिवंडीत जन्मल्याचा दाखला त्याचे नागरिकत्व पूर्णपणे सिद्ध करीत नाही. आईवडिलांचे नागरिकत्वही सिद्ध व्हावे लागते. आईवडील १९८७ नंतरचे असतील तर प्रश्न आजोबा-आजीपर्यंत जातो. आजोबांचा जन्म मागावर काम करणाऱ्या एखाद्या खोलीत, नोंदीविना झाला असेल तर? इतिहास हा इथे परीक्षेचा विषय उरत नाही; तो माणसाच्या कायदेशीर अस्तित्वाचा भाग होतो.

१९/ दाखल्यावरील ‘अधिवास’ या शब्दाचाही उलगडा व्हावा. अनुच्छेद ५ मधला अधिवास म्हणजे भारतात कायम राहण्याच्या इराद्याने केलेले वास्तव्य. तहसील कार्यालयाच्या दाखल्यातला अधिवास म्हणजे महाराष्ट्रातले, सामान्यतः १५ वर्षांचे, वास्तव्य. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन प्रकरणात सांगितले की, भारतात कायदेशीर अधिवास एकच, भारताचा. राज्ये हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना कायम रहिवास अभिप्रेत असतो. शब्द एक, अर्थ दोन. त्यामुळे ‘डोमिसाइल आहे म्हणून मी नागरिक’ आणि ‘डोमिसाइल नाही म्हणून तो परका’ ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

२०/ मग कोणता कागद पुरतो? ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एका जामीन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र केवळ जवळ असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. नागरिकत्व १९५५ च्या कायद्यानुसार ठरते. समाजमाध्यमांवर यावर संताप उसळला. तथापि कायद्याच्या दृष्टीने हे विधान बरोबरच आहे. आधार हा रहिवाशाला मिळतो, पॅन हा करदात्याला. नागरिकत्व कागदातून जन्मत नाही, हेच न्यायालयाने सांगितले.

२१/ मात्र या विधानाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. कागद असल्याने जर कोणी नागरिक होत नसेल, तर कागद नसल्याने कोणी परकाही होत नाही. पहिले वाक्य मोठ्याने सांगितले जाते आणि दुसरे गिळले जाते, तेव्हा कायद्याचा समतोल बिघडतो. शिवाय १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्या माणसावरच टाकले होते. तो कायदा सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याने बदलला गेला. ओझे तिथेच राहिले. म्हणजे पुरावा कोणता हे स्पष्ट नाही आणि द्यायचा मात्र त्यानेच.

२२/ परिणाम काय होतो? जुलै १९९८ मध्ये बांगलादेशी असल्याच्या संशयावरून मुंबईतून काही बंगाली भाषकांना रेल्वेने पाठवले जात होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले, कारण त्यांच्यात बंगालमधील भारतीय असल्याचे तिथल्या लोकांचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथून ताब्यात घेतलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंडी कामगाराला सीमेपलीकडे ढकलण्यात आले. तो भारतीय असल्याचे पुढे आले आणि त्याला परत आणावे लागले. २०११ च्या जनगणनेत बंगाली ही मातृभाषा असलेले भारतीय ९ कोटी ७२ लाख होते. भाषा हा पुरावा मानला तर एवढे सगळे नागरिक संशयित ठरतात.

२३/ विरुद्ध बाजू टाळून चालणार नाही. देशात कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राज्याला आहे. तो राज्य असण्याचाच भाग आहे. बनावट कागदांवर राहणारे परकीय नागरिक भिवंडीत सापडले आहेत, त्यांच्यावर गुन्हेही नोंदले गेले आहेत. स्वस्त मजुरीसाठी अशा माणसांना खोल्या आणि काम देणारे लोकही याच शहरात आहेत. तेव्हा तपासणी नकोच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नाही. ती कशाच्या आधारे सुरू व्हावी, हा आहे.

२४/ याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसाममधील एका प्रकरणात दिले आहे. सिद्ध करण्याचे ओझे माणसावर असले तरी प्रशासनाला कोणालाही उचलून ‘तू परका आहेस, नाही हे दाखव’ असे म्हणता येणार नाही. संशयाला आधी काही ठोस सामग्री हवी आणि ती त्या माणसाला कळवली पाहिजे. शिवाय अनुच्छेद १४ आणि २१ यांचे संरक्षण ‘नागरिका’ला नव्हे, तर ‘व्यक्ती’ला आहे. खरोखरच परका असलेल्या माणसालाही योग्य प्रक्रियेचा हक्क आहे. ही प्रक्रिया परक्यांचे लाड करण्यासाठी नाही. तिच्यावाचून आपला माणूस आणि परका यांतला फरक कळणेच अशक्य आहे.

२५/ म्हणून निष्कर्ष असा. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राज्याने स्वतःहून माणसाला ओळखले होते. ज्या राज्याने जन्माची नोंद, शाळेचा दाखला, मतदार यादी आणि कराची पावती हे सारे स्वतःच्या हाताने लिहिले, त्याने ऐनवेळी ‘हे पुरेसे नाही’ म्हणून हात झटकणे न्यायाचे नाही. जुन्या नोंदी जपणे, त्या नागरिकाला सुलभपणे उपलब्ध करून देणे आणि संशय घेण्यापूर्वी त्या स्वतः धुंडाळणे ही राज्याची जबाबदारी आहे. नागरिकाने राज्याला पुरावा द्यावा, हे खरे. राज्यानेही संशयाचे कारण द्यावे, हेही तितकेच खरे.

२६/ इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकासाठी शेवटी एक छोटा उद्योग. आपल्या घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीचा, किंवा तिच्या आईवडिलांचा, जन्म कुठे झाला ते विचारावे. ते गाव १९४० मध्ये कोणाच्या अमलाखाली होते ते शोधावे : ब्रिटिश मुंबई इलाखा, निजाम, कोल्हापूर, सांगली, बडोदा, जव्हार की पोर्तुगीज गोवा? मग त्या व्यक्तीची तेव्हाची कायदेशीर ओळख एका ओळीत लिहावी. बहुतेक घरांत ‘भारतीय नागरिक’ हे उत्तर येणार नाही. ती ओळ लिहून झाल्यावर सेतू केंद्रातून मिळालेला तो दाखला पुन्हा एकदा वाचावा.

(धागा समाप्त)